चौथं दार सुकेना

बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, घरात पंखा गरम वारा ढवळत होता, आणि तरीही कंपाउंडरच्या कपाटाचं चौथं दार काही सुकत नव्हतं. बाकीची तीन दारं मंगळवारीच खणखणीत वाळली. लाकूड तेच, रंगाचा डबा तोच, ब्रश तोच. मग याच्याच पोटात काय दुखत होतं?

चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं देऊन निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच सुतारकाम करत होता, तेही बायकोसाठी. खांद्याच्या ऑपरेशननंतर तिचा हात वर जात नव्हता. फळीवरचं काही हाती लागेना, तेव्हा "हे स्वयंपाकघर आता माझं राहिलं नाही," म्हणून ती लेकीकडे गेली. जाताना बजावून गेली, "महिन्याभरात खाली कपाटं करा. नाही तर मी तिकडेच राहते, कायमची." महिना येत्या रविवारी संपत होता.

गुरुवारी त्याने दार उन्हात नेऊन ठेवलं. वरून कडक, बोट दाबलं की आत मऊ. घामाघूम होऊन तो रंगाच्या दुकानात गेला.

"जाड थर दिला की या उन्हात वर साय धरते, आत ओलंच राहतं," दुकानदार म्हणाला. "किती हात दिले?"

"दोन."

"दोन हातांत असं होत नाही, साहेब. आठवून बघा."

घरी येऊन त्याने दार आत आणून पुन्हा भिंतीला टेकवलं, चष्मा पुसला आणि दाराला नाक लावलं. ब्रशच्या रेघा आडव्या होत्या. तो तर उभाच ब्रश मारायचा! आता घरात येणारं दुसरं कोण? दुपारी त्याचा डोळा लागलेला असताना जेवणाचा डबा ठेवून जाणारी लेक. तीच महिनाभर सांगत होती, "आईला माझ्याकडेच राहू द्या, बाबा." शंकेची पाल चुकचुकली. पोटच्या पोरीवर संशय घेणं वाईटच, पण त्याने घेतला.

शुक्रवारी दुपारी तो खोटंखोटं घोरत पडला. लेक आली, डबा ठेवला, कपाळ पुसलं आणि गुपचूप ब्रश उचलून दार रंगवायला लागली.

"सापडलीस!" तो ताडकन उठला.

"म्हणजे? तुम्हीच लिहिलंय ना!" तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

दाराच्या वर त्याच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी होती : 'एक हात बाकी'. मंगळवारी सकाळी चिकटवलेली. तो हात त्याने संध्याकाळीच देऊन टाकला होता. पण लावलेली चिठ्ठी काढायची नाही, ही दवाखान्यातल्या बाटल्यांवरची सवय हाडीमाशी खिळलेली.

"मला वाटलं, रोज एक," लेक म्हणाली. "औषधासारखा."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. हसावं की रडावं, त्याला कळेना. "आणि मला वाटलं, तू मुद्दाम..."

लेकीने ब्रश खाली ठेवला. "सुकू नये असं वाटत होतंच की. कामावरून घरी गेले की आतून आईचा आवाज येतो. तो जाणार म्हणून जीव तुटायचा. मग माझीच मला लाज वाटायची, आणि मी जरा जास्तच नीट रंगवायचे."

आपलं घर रिकामं झालं म्हणून तो महिनाभर कुढत होता. लेकीच्या घराचा विचार एकदाही त्याच्या मनात आला नव्हता. "चुकलो मी," तो म्हणाला.

मग दोघं पत्र्याच्या तुकड्यांनी रंग खरवडायला बसली. अंगाची लाही लाही होत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"काय हो, होतंय का रविवारपर्यंत?" बायको विचारत होती.

त्याने लेकीकडे पाहिलं. होय म्हणण्याऐवजी त्याने फोन तिच्यापुढे धरला. लेकीने रंगाने माखलेल्या हाताने फोन घेतला.

"झालंय गं, आई. एक दार तेवढं कोरं राहील. तू सामान बांध, मीच सोडायला येते तुला."