गाऊनची दुमड

"एवढा एकच घास," मास्तर म्हणाले. "यात काही नाहीये. नुसतं लोणी आहे."

हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळेल असं त्यांच्या बायकोला जन्मात कधी वाटलं नव्हतं. तिने पावाच्या तुकड्याकडे पाहिलं. लोण्याचा थर असा होता, की गवंड्याने थापीने लिंपावा.

"नुसतं लोणी," ती म्हणाली. "अहो, याच टेबलावर बसून तुम्ही लोण्याला विष म्हणाला होतात. पाहुण्यांसमोर. पाहुण्यांच्या तोंडात घास होता तेव्हा."

"ते वेगळं."

"लोणी वेगळं, का पाहुणे वेगळे?"

मास्तर तुकडा तिच्या ओठांपाशी धरून नुसते उभे राहिले. शेवटी त्यांच्या हाताला कळ लागू नये म्हणून तिने एक कोपरा तोडला आणि बराच वेळ चावत राहिली. पाहणाऱ्याला वाटावं, हिला कोणी खिळा खायला दिलाय.

"झालं," ती म्हणाली. "पोट भरलं."

बुधवारी दवाखान्यात तिचं वजन व्हायचं होतं. डॉक्टरांनी एक आकडा ठरवून दिला होता. वजन त्याच्या वर राहिलं तर औषधाची पुढची फेरी, खाली घसरलं तर फेरी बंद, कारण मग शरीराला ती झेपायची नाही. मागच्या खेपेला ती त्या आकड्यावर कशीबशी टेकली होती. "काय वाट्टेल ते खाऊ घाला," डॉक्टर म्हणाले होते. "लोणी, साय, केक, काय आवडेल ते." मास्तरांनी मान डोलावली होती. आयुष्यभर ज्यांच्याशी वैर केलं, त्या सगळ्यांची नावं डॉक्टरांनी एका दमात घेतली होती.

मास्तर शिंपी होते आणि पळत असत. कशापासून, ते कधी कोणाला कळलं नाही. चाळिशीत एकदा त्यांची बस सुटली, ते तिच्यामागे धावले, बस मिळाली, आणि चढल्यावर त्यांना वाटलं की उगाच मिळाली, आणखी पळता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे मैदानावर जाऊ लागले. तिथे एक टोळी होती. तिचा म्होरक्या दातांचा डॉक्टर होता, त्याला सगळे कवळी म्हणत, आणि तो आवडीने ओ देई. टोळीतले लोक एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी बायकामुलांच्या आधी करत. मास्तर शर्यतींतही उतरत. अलीकडे त्यांच्या वयोगटात त्यांचा पहिला नंबर हटकून यायचा. गटात धावण्याजोगं दुसरं कोणी उरलं नव्हतं, हे खरं, पण चषकावर तसं कोरत नाहीत.

पळण्यापेक्षा त्यांचं खाणं कडक होतं. अंड्यातलं पांढरं तेवढं ते खात. पिवळं टाकायचं कसं? त्या घरात अन्न टाकायची पद्धत नव्हती. ते बायको खाई. दुधावरची साय काढून दूध ते पीत, साय ती खाई. कोणी केक आणला की मास्तर त्याला लांबून हात जोडत, आणि तो वाळून जाऊ नये म्हणून ती तो संपवी. पथ्य मास्तरांचं, आणि पथ्यात न बसणारं सगळं तिच्या पोटात, असा तो संसार होता. वर्षा-दोन वर्षांनी मास्तर मशीनवर बसत, आपल्या पँटची कंबर आत घेत, आणि त्याच बैठकीत तिच्या कपड्यांच्या शिवणी उसवून जादा कापड बाहेर काढत. "जरा चालत जा गं," ते पायाने मशीन चालवता चालवता म्हणत. "चालतेच की," ती म्हणे, "स्वयंपाकघरातून इथपर्यंत, तुमचं पांढरं घेऊन."

मागच्या वर्षी ती स्वतःहून गाऊन घेऊन आली. म्हणाली, "खांद्यावरून उतरतोय. जरा आत घ्या."

मास्तरांचा चेहरा असा उजळला, की शर्यतीनंतरच्या फोटोतही कधी उजळला नव्हता. "बघ! म्हटलं नव्हतं मी?"

"अहो, पण मी काही केलंच नाहीये. खाल्लेलं अंगी लागत नाही आताशा."

"तेच तर! लागताच कामा नये!"

त्यांनी दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. काही आठवड्यांनी पुन्हा घेतली. त्या आनंदात त्यांनी मैदानावर टोळीला केळी वाटली.

"वहिनींनी काय सोडलं?" कवळीने केळं सोलत विचारलं.

"काही नाही सोडलं. आपोआप. माझ्या सहवासाचा परिणाम."

कवळीचं केळं तोंडाशी थांबलं. "मास्तर, चेष्टा नाही करत. आपोआप कमी होतंय तर दाखवून घ्या."

"तू दात बघ रे," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले.

दाखवून घेईपर्यंत शिवण आणखी दोनदा आत गेली होती. आजार सगळ्यात आधी कळला तो मास्तरांच्या बोटांना. बोटभर बोटभर कळत गेला, आणि त्यांनी त्याचा सत्कार केला. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर बाकावर बसून ते एवढंच म्हणाले, "मी केळी वाटली गं."

"चांगली होती का?" तिने विचारलं. पुढे तो विषय तिने निघू दिला नाही.

त्यानंतर मास्तरांनी पळणं सोडायचं ठरवलं. तिने सोडू दिलं नाही. "घरात फेऱ्या माराल तर फरशी झिजेल. जा तुम्ही." ते जात, पण दोन फेऱ्यांत परत येत आणि स्वयंपाकघरात घुसत. त्यांनी कधी न केलेले पदार्थ ते करू लागले. बटाट्याचं दाट सूप, सायीत घोळलेली केळी, लोण्यात परतलेली अंडी, पिवळ्यासकट. ती दोन चमचे खाई आणि ताटली सरकवी. अन्न टाकायची पद्धत अजूनही नव्हती. उरलेलं मास्तर खात, उभ्याउभ्या, ओट्याशी.

"मास्तर, पोट आलं की हो तुम्हाला!" टोळीतल्या कोणीतरी म्हटलं. एरवी या वाक्याने मास्तर आठवडाभर जेवले नसते. या वेळी ते म्हणाले, "येऊ दे," आणि दुकानात जाऊन आपल्या पँटची कंबर सैल केली.

बुधवार जवळ आला. घरी काटा होता, मास्तरांचाच, त्यांनी स्वतःवर नजर ठेवायला आणलेला. त्यावर ती आकड्याच्या खाली भरली. काटा थोडा सरकवून पाहिला, तरी खालीच. मास्तरांनी काटा पलंगाखाली लोटला आणि दुकानात गेले.

दुकानात एका हॉटेलचे पडदे शिवायला आले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून अशा पडद्यांच्या खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्यांची माळ घालतात. बाहेरून काही दिसत नाही, नुसता पडदा शहाण्यासारखा सरळ लोंबतो. मास्तरांनी ती माळ हातात तोलून पाहिली. मग त्यांनी दुकानाचं दार भर दुपारी आतून लावलं.

बुधवारी सकाळी त्यांनी तिला पायघोळ गाऊन आणून दिला. "हा घाल. खालून जरा नीट करून आणलाय."

तिने अंगात घातला. आरशासमोर उभी राहिली, एक पाऊल टाकलं, थांबली.

"जड आहे का हो?"

"धुतलंय ना. कापड आटलं की जड होतं."

शिंप्याच्या बायकोला हे सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने वाकून खालची दुमड उचलली, अंगठ्याने हळूच चाचपली, खाली सोडली. "बरं," ती म्हणाली. "चला."

दवाखान्याच्या बोळात बाकांवर माणसं आपापल्या नंबरची वाट पाहत बसली होती. वजन घेणारी सिस्टर जाडजूड, गडबडी आणि प्रेमळ होती. सगळ्यांना ती एकाच दमात दटावायची आणि कुरवाळायची. "या आजी, चढा. चपला काढा. हात सोडा. आजोबा, तुम्ही लांब उभे राहा, तुमचं नाही वजन करत."

आकडा थरथरला आणि थांबला. सिस्टरने भुवया उंचावल्या.

"अगं बाई! वाढलं की! आजोबा, काय खायला घातलंत?"

"लोणी," मास्तर म्हणाले.

"शाब्बास! मग आज जोरात. औषधही आता या वजनाच्या हिशोबाने भरायला सांगते."

"म्हणजे?"

"म्हणजे वजन जास्त, तर औषध जास्त. त्यासाठीच तर हा काटा दर खेपेला."

मास्तरांना वाटलं होतं, तो आकडा म्हणजे नुसता उंबरठा. एकदा कसंही करून ओलांडला की झालं. त्यांनी विचारलं, "आणि समजा, जास्त पडलं तर?"

"कसं पडेल? आपण मोजून देतो." सिस्टर लिहायला वाकली. "पडलं तर मग झेपत नाही हो. आधीच नाजूक जीव. माणूस हातचं जातं."

मास्तरांची बायको काट्यावर उभी होती. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. ती काही म्हणणार नाही हे मास्तरांना कळलं.

"सिस्टर," मास्तर म्हणाले, "लिहू नका. चुकलंय."

"काटा नवा आहे, आजोबा."

"काटा नाही चुकलेला. मी चुकलोय."

ते गुडघ्यावर बसले. गुडघा मोठ्याने वाजला. टोळीत त्यावर चर्चा झाली असती. खिशातली छोटी कात्री काढून त्यांनी गाऊनची दुमड उसवायला सुरुवात केली. सिस्टर तोंड उघडून पाहत राहिली. बाकावरची माणसं माना लांब करू लागली. माळ हळूहळू बाहेर आली, शेवटी तुटली, आणि दोन गोळ्या फरशीवरून गडगडत बाकांखाली गेल्या. एका म्हाताऱ्याने त्या वाकून उचलल्या आणि काही न विचारता आणून दिल्या.

सिस्टरला रागवायचं होतं. तिने एकदा मास्तरांच्या टाळूकडे पाहिलं आणि सूर बदलला. "अहो, काय हे?"

"पडद्याची असते," मास्तर म्हणाले.

"मला घरीच कळलं होतं," बायको काट्यावरूनच म्हणाली. "जिन्यात घोट्याला लागत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"टाका बघितला मी. इतका बारीक टाका तुम्ही माझ्या कपड्याला कधी घातला नव्हता. गिऱ्हाइकांचे व्हायचे बारीक, माझं नेहमी घाईत. म्हटलं, एवढ्या मनाने केलंय, तर एकदा अंगावर मिरवू दे."

आकडा पुन्हा थरथरला. या खेपेला तो बराच खाली जाऊन थांबला, घरच्या काट्यापेक्षाही खाली. सिस्टरने तो पाहिला, आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आली, आणि आता तिने कोणालाच दटावलं नाही.

"आज नाही द्यायचं म्हणाले. पुढचं नंतर बघू म्हणाले. सध्या घरी न्या. आराम करा."

"आणि खायला?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांना हवं तेवढंच द्या, आजोबा. जबरदस्ती नको आता."

ते 'आता' मास्तरांना ऐकू आलं. तिलाही आलं असणार, कारण तिने लगेच म्हटलं, "म्हणजे आज सुई नाही. सुटले बाई." आणि ती खरोखर हसली. त्या हसण्यात मास्तरांची समजूत घालण्यासारखं काही नव्हतं. नुसतं सुटकेचं हसणं होतं, आणि तेच ऐकवेना.

ती काट्यावरून उतरली. गाऊनची दुमड सुटून जमिनीवर लोळत होती. "पायात येईल हो," सिस्टर म्हणाली, आणि खिशातून एक पिन काढली. "ही लावा घरी जाईपर्यंत."

"पिन नको," मास्तर म्हणाले.

त्यांनी कॉलरच्या मागून सुई काढली. सिस्टरने मागे रांगेकडे पाहिलं, पुढचा नंबर पुकारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"अहो, लोक थांबलेत," बायको म्हणाली.

"थांबू देत. उसवलेल्या कपड्यात तुला रस्त्यावर नेणार नाही मी."

दोरा ओवायला त्यांना वेळ लागला. मग ते पुन्हा खाली बसले आणि एका टोकापासून दुमड घालायला लागले, आधीपेक्षाही बारीक टाक्याने. तोल जाऊ नये म्हणून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो ठेवलेला आहे की नाही, हे त्यांना मान वळवून पाहावं लागलं.