वीज धुणारी पेटी

टक्.

सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, खोलीतलं भिंतीवरचं मोठं बटण दाबलं की अ‍ॅम्प्लिफायरमधून असा आवाज येतो, कुणी हलकेच बोट मोडावं तसा. मग पंधरा मिनिटं काहीच नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापल्याशिवाय गाणं कच्चं लागतं, असं बाबांचं म्हणणं. तेवढा वेळ त्या खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही. रविवारी सकाळी त्यांचे दोन मित्र येतात, तेही डॉक्टरांच्या बाहेर नंबर लावून बसल्यासारखे गुमान बसतात.

त्या रविवारी मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि भिंगरी माझ्या पायाला चिकटून होती. भिंगरी म्हणजे माझी लेक, साडेपाच वर्षांची. टक् झालं आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

हे चार महिने चाललं होतं. त्याआधी ती खोली म्हणजे तिचं माहेर होतं. दोन उंच स्पीकरांच्या बरोब्बर मधोमध बाबांची खुर्ची आहे. ती बोटभरही सरकू नये म्हणून जमिनीवर पांढऱ्या पट्टीच्या खुणा केल्यात. त्या खुर्चीवर आजवर माझा नवराही बसलेला नाही. भिंगरी मात्र आजोबांच्या मांडीवर बसून तिथेच झोपायची. मग एक दिवस ती रडत बाहेर पळत आली. कानात टोचतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. नंतर तिने त्या खोलीकडे जाणंच सोडलं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कान ठणठणीत आहेत. शाळेतल्या बाई हळूच म्हणाल्या की काही मुलांना आवाज सोसत नाहीत, एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मंगळवारची वेळ ठरली होती. तोवर मी फोनवर जे जे वाचू नये ते सगळं वाचून काढलं होतं. नवरा म्हणायचा, तू उगाच राईचा पर्वत करतेस. पण तोही रात्री तिच्या उशाशी बसून राहायचा.

बाबांनी आधी आवाज कमी केला, मग गाणी बदलली, मग दार लावून घ्यायला लागले. एकदाच शेंगा सोलता सोलता म्हणाले, "तिला माझी गाणी नकोशी झालीत." आवडता शर्ट अंगाला होईनासा झाल्यावर माणूस बोलतो, तसं.

आज दार उघडं होतं ते फक्त माझ्या हातात ट्रे होता म्हणून. आणि मी बघत होते. तबकडी अजून कागदाच्या पाकिटात होती. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मग ही कान कशापासून झाकतेय?

मी ट्रे जवळच्या स्पीकरवरच ठेवून खाली बसले. केबलकाकांनी असा श्वास घेतला की जणू मी पाळण्यात गरम तवा ठेवलाय. हे बाबांचे जुने मित्र. तार उलटी जोडली तर आपल्याला ऐकून कळतं, असा त्यांचा दावा. दुसरे दातकाका. चाळीस वर्षं लोकांचे दात कोरून निवृत्त झालेले.

"आत्ता टोचतंय?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "ईईई असं. बारीक. सुईसारखं."

तिन्ही म्हाताऱ्यांनी माना कलत्या करून कान लावले. कुणाला काही नाही. मलाही नाही. केबलकाका म्हणाले, पोर आहे, लक्ष वेधून घेतेय. बाबा मात्र गुडघ्यावर हात टेकत उठले. म्हणाले, "एकेक बंद करतो. गेलं की सांग हं, बाळा."

तबकडीचं यंत्र बंद झालं. भिंगरी म्हणाली, येतंय. अ‍ॅम्प्लिफायर बंद झाला. अजून येतंय. आता फक्त सगळ्यात खालची काळी पेटी उरली. बाबांचा हात तिच्याजवळ जाऊन थांबला.

ही पेटी चार महिन्यांपूर्वी आली होती. भिंतीतून येणारी वीज म्हणे मळकट असते, ती ही पेटी धुऊन पुढे पाठवते. ती आली त्या दिवशी तिघांनी डोळे मिटून डोलत ऐकलं होतं, आणि गाण्यामागची शांतता आता आणखी काळीभोर झाली, असं केबलकाकांनी जाहीर केलं होतं.

बाबांनी बटण दाबलं. भिंगरीचे हात खाली आले.

"गेलं."

केबलकाकांना ते पटेना. ती बघून बोलतेय, म्हणाले. मग परीक्षा ठरली. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि तिचे डोळे झाकले. बाबा पेटी चालू-बंद करणार आणि बटणाचा आवाज लपवायला दातकाका दर वेळी खोकणार. दहा वेळा झालं. दहाही वेळा तिने बरोबर सांगितलं. एकदा बाबांनी नुसता हात हलवला आणि दातकाका उगीचच खोकले, तर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही लावलंच नाही."

तेवढ्यात दातकाकांनी फोनमध्ये आवाज मोजायचं काहीतरी काढलं. पेटी लावली की पडद्याच्या पार उजव्या टोकाला एक रेघ उभी राहायची, ताठ, अठरा हजारांच्या आकड्यावर. आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक. आपले कान वीस वर्षांपूर्वीच त्याच्या अर्ध्यावर थकले, ते म्हणाले.

मागे जी खुर्ची होती तीत मी बसले. ती पांढऱ्या खुणांची होती हे नंतर लक्षात आलं, पण कुणी उठवलं नाही. रडू येत होतं, आणि हसूही. माझ्या लेकीला काहीही झालेलं नव्हतं. ती चार महिने खरंच सांगत होती. मंगळवार आता नुसता मंगळवार होता.

बाबा पेटीची वायर गुंडाळत होते. बराच वेळ गुंडाळत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी विजेला आंघोळ घालत बसलो, आणि साबण माझ्या नातीच्या डोळ्यांत."

"कानात," भिंगरीने दुरुस्त केलं.

पेटीशिवाय सगळं जोडून तबकडी लावली. तिला मांडीवर घेऊन बाबा जमिनीवरच बसले. केबलकाका थोडा वेळ ऐकून पुटपुटले, गाण्यावर जरा पडदा आल्यासारखा वाटतोय, नाही? दातकाका म्हणाले, "आलाय. तुझ्या कानावर." बाबा इतके हसले की तबकडीवरची सुई उडते की काय असं वाटलं.

चहा निवून गेला होता. मी तो तसाच प्याले. भिंगरी दातकाकांना विचारत होती की तुम्हाला कुणालाच कसं नाही आलं. त्यांनी समजावलं की लहानपणी सगळ्यांना येतं. मग माणूस मोठा होत जातो, तसे बारीक आवाज एकेक करून जातात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

ती विचारात पडली. मग आजोबांच्या मांडीवरून माझ्याकडे वळून बघितलं.

"आई, मग तुला आणखी काय काय ऐकू येत नाही?"