डाव्या टाचेखालचं मेण

मी बैठकीच्या खोलीतला गालिचा बोलतोय. जरा खाली बघा. ते नाही, ते पायपुसणं. मी त्याच्या पलीकडे आहे, थेट खिडकीपर्यंत.

माझा जन्म एका गिरणीत, यंत्रावर झाला. कोणा कारागिराने डोळ्यांत तेल घालून मला विणलं वगैरे काही नाही. सकाळी लोकर आत गेली आणि दुपारी मी बाहेर आलो. ह्याच तपकिरी वेलबुट्टीचे माझे आणखी पुष्कळ भाऊ आहेत. त्यांची आठवण येते असंही नाही.

दुकानातून मला या घरातल्या आई-बाबांनी आणलं. गालिचा पायांखाली घालायचा असतो, अशी माझी समजूत होती. पण खराब होऊ नये म्हणून त्यांनी मला गुंडाळून पलंगाखाली सरकवलं. पाहुणे यायचे असले की मला पसरायचे, पाहुण्यांनी पाठ फिरवली की पुन्हा गुंडाळायचे. माणसं चांगली वस्तू हौसेने विकत घेतात आणि मग तिला स्वतःपासूनच वाचवत बसतात. त्या काळात मी जग पाहिलं ते पाहुण्यांच्या मोज्यांवरून. मोजे बहुतेकांचे फाटकेच होते.

पुढे बाबांचे वडील इथे राहायला आले. आजोबांच्या तळपायांना फरशी गार लागायची, म्हणून मला कायमचं अंथरलं. तेव्हापासून मी कामाला लागलो.

आजोबा सगळ्यांच्या आधी उठतात आणि स्वतःचा चहा स्वतः करतात. मग कपबशी दोन्ही हातांत धरून ते स्वयंपाकघरातून निघतात, माझ्यावरून चालत येतात आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. औषध कधी घ्यायचं, पंखा किती ठेवायचा, स्वेटर कोणता घालायचा, हे सगळं त्यांना दुसरे सांगतात. चहा तेवढा त्यांचा.

माणसाच्या चेहऱ्यातलं मला काही कळत नाही. पावलं मात्र कळतात. हल्ली आजोबांची पावलं बदलली होती. आधी टाच टेकायची, मग बोटं. आता बोटं आधी पुढे येऊन चाचपायला लागली. आजोबांना दिसेनासं होत होतं. घरात हे दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला.

मग एका सकाळी त्यांच्या हातून कप फुटला.

"अण्णा, दिसत नसेल तर तसं सांगा," बाबा म्हणाले. "गॅसजवळ जायचंच नाही मग. चहा तुम्हाला बसल्या जागी मिळेल."

"दिसतंय रे. कपाचा कान निसटला."

बसल्या जागी मिळेल, हे बाबा प्रेमानेच म्हणाले होते. आजोबांच्या पायांची बोटं माझ्यात रुतली.

त्यानंतर एका संध्याकाळी वीज गेली. घरात साधी मेणबत्ती नव्हती. काचेच्या कपाटात एक लाल, नक्षीची मेणबत्ती होती, कोणीतरी भेट दिलेली. तीही अशीच जपून ठेवलेली. बाबांनी ती पेटवली आणि फ्यूज बघायला निघाले. वाटेत फोन वाजला. फोनवर बोलताना बाबा हातवारे करतात. मेणबत्तीच्या हातानेसुद्धा.

गरम मेण अंगावर पडल्यावर कसं वाटतं, ते सांगत बसत नाही. बाबांनी रुमालाने खसाखसा पुसलं, तेव्हा बटणाएवढा डाग बशीएवढा झाला. मधे मेणाचा जाड गोळा राहिला तो राहिलाच.

"अहो, पुसू नका!" आई ओरडली. "गरम मेण पुसलं की पसरतं. घट्ट होऊ दे. मी बघते."

"कधी?"

"रविवारी."

या घरातली सगळी अडलेली कामं रविवारी करायची असतात. त्यामुळे मेण बरेच दिवस टिकलं.

दुसऱ्या सकाळी आजोबांची डावी टाच त्या गोळ्यावर पडली. ते थांबले. दाबून पाहिलं. मग डावीकडे वळले, तर खुर्ची समोर. त्यानंतर रोज तसंच. हातांत गरम कपबशी असली की भिंत धरता येत नाही, टेबल चाचपता येत नाही. पाय मात्र मोकळे असतात. डाव्या टाचेखाली मेण लागलं की वळायचं, एवढंच. काही दिवसांत त्यांची टाच पुन्हा बोटांच्या आधी टेकू लागली. अंगावर डाग बाळगून मी पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

आणि एका रविवारी आईला खरोखरच वेळ मिळाला.

ती बर्फ घेऊन माझ्याशेजारी बसली. आजोबा खुर्चीत होते.

"एवढ्याशा डागाला काय धरून बसलीस, सूनबाई? राहू दे की."

"एवढासा? अण्णा, बशीएवढा आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

आजोबांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "दिसतोय. म्हणूनच म्हणतो, फार नाही."

यापुढे त्यांना काही बोलता येईना. मला तर कधीच येत नाही.

आईने प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून मेणावर धरला. मेण कडक झाल्यावर चमच्याच्या कडेने ते हळूहळू खरवडलं. गोळा तुकड्यातुकड्याने सुटला. तळाशी मुरलेलं मेण बाकी होतं. त्यावर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, म्हणजे कागद मेण शोषून घेतो. आई कागदाची पिशवी शोधायला आत गेली. तेवढ्यात बाबांना मदत करावीशी वाटली. त्यांनी त्या दिवसाचं वर्तमानपत्र माझ्यावर पसरलं आणि इस्त्री चांगली तापवून दाबली.

"कोरा म्हटलं होतं मी, कोरा!" आईने कपाळावर हात मारला. "आता हे काय छापलंत?"

माझ्यावर शाई उमटली होती, उलट्या अक्षरांत.

"वाया कुठे गेलं? आता वाचायला गालिचा झाला," बाबा म्हणाले. "अण्णा, वाचा बघू, काय बातमी आहे?"

आजोबा खुर्चीतून पुढे वाकले. बराच वेळ माझ्याकडे तोंड करून राहिले.

"भाववाढ," ते म्हणाले.

सगळे हसले. "उलटी अक्षरंसुद्धा वाचली! आणि मी उगाच काळजी करतोय," असं म्हणत बाबांनी इस्त्री बाजूला ठेवली. पडताळून कोणीच पाहिलं नाही. माझ्यावर साबणाची जाहिरात होती.

आईने मग कागदाच्या पिशव्या कापून घेतल्या. दरवेळी कागदाची कोरी बाजू, दरवेळी कोमट इस्त्री. उरलेला लाल रंग आणि शाई तिने स्पिरिटच्या बोळ्याने टिपून काढली. न घासता, कडेकडून मधे. संध्याकाळपर्यंत मी दुकानात होतो तसा झालो. डाग गेल्यावर हलकं वाटतं म्हणे. मला तसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी आजोबा कपबशी घेऊन निघाले. माझ्या मधोमध आले आणि त्यांची टाच शोधू लागली. थोडं इकडे, थोडं तिकडे. मग पाय गोल फिरला. पुन्हा फिरला. बशीत कप वाजू लागला. कप ठेवायला जागा नव्हती, मागे जायला दिशा नव्हती. आजोबा तसेच उभे राहिले.

आई डबे भरायला उठली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिने आजोबांचा पाय पाहिला, आणि तो पाय काय शोधतोय तेही ओळखलं. मेणाची जागा तिच्या बोटांना चांगली पाठ होती.

"दोन पावलं पुढे," ती हळूच म्हणाली. "आता डावीकडे वळा."

"मला दिसतंय."

"हो. मी गालिच्याशी बोलतेय."

मी जागचा हललो नाही. आजोबा मात्र दोन पावलं पुढे गेले आणि डावीकडे वळले.

खुर्चीत बसल्यावर ते म्हणाले, "माझ्या लेकाला सांगशील?"

"सांगीन. आधी आपण दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. गॅसचं काय ते मी बघते. मी तशीही डबे भरायला उठतेच."

दुपारी तिने जाड सुई आणि तपकिरी लोकर घेतली, नेमकी ती जागा शोधली आणि टाक्यावर टाका घालत एक घट्ट गाठ उभी केली. संध्याकाळी बाबांच्या पायाला ती टोचली.

"हे काय?"

"मेण काढताना वीण गेली. रफू केलंय."

"रफू एवढं वर येतं?"

"माझं येतं."

सध्या मी असा आहे. पाहुणे अडखळतात, मग माझ्याकडे बघतात, मग आईच्या शिवणाबद्दल काही न बोलता चहा पितात. आजोबांची टाच आधी टेकते. आई सकाळी ओट्याशी काहीतरी चिरत उभी असते. बहुतेक वेळा चिरून झालेलंच पुन्हा चिरते.

आता आजोबा बशी घेत नाहीत. दोन हातांत दोन कप घेऊन येतात, एक स्वतःचा आणि एक आईचा. त्यामुळे वळताना थोडा चहा माझ्यावर सांडतो. माझी एकच विनंती आहे. चहाचे डाग काढायचा खात्रीचा उपाय तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल, तर कृपा करून तो या घरात सांगू नका.