मिशनच्या चुलीवरचा गंज

मी गंज बोलतोय. लोखंडाला चढतो तो नव्हे. आमच्या झाडीपट्टीत भात रांधायच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात, तो. अंग जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पोट मोठं, गळा आखूड आणि स्वभाव संशयी.

स्वभाव असा का झाला, ते सांगतो. माझी पहिली वर्षं चंद्रपुरात एका मंडपवाल्याकडे भाड्यानं फिरण्यात गेली. आज लग्न, उद्या तेरवी, परवा कुण्या पुढाऱ्याचं जेवण. तेरवीच्या घरी सकाळी धाय मोकलून रडणारे दुपारी मीठ कमी पडलं म्हणून भांडताना मी पाहिले. परत देताना मला सगळे बाहेरून घासायचे. आतून कोणी पाहायचं नाही. पुढे माझा काठ वाकला, तेव्हा मालकानं मला आलापल्लीच्या वाटेवरच्या मिशनच्या बालगृहाला दान केलं. गळ्यात हार घातला, फोटो काढला. मोडकं द्यायचं आणि पुण्य घ्यायचं, ही माणसाची रीत मला तेव्हा कळली.

बालगृह ज्योत्स्नाबाई चालवतात. कोणाचे आईबाप वारलेले, कोणाचे मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, अशी तिथली मुलं. बाई कडक, पण लेकरांच्या ताटात हात आखडता नाही. सुट्ट्यांमध्ये ‘सेवा करायला’ शहरातली मंडळी यायची. माझ्यात ओगराळं घालून हसायची, मोबाइलवर फोटो काढायची आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेला की बाहेर पळायची. त्यांची गाडी निघाली की मुलं मागं फाटकापर्यंत धावायची. त्या संध्याकाळी माझ्यात भात उरायचा.

म्हणून रंजीता आली तेव्हा मी मनात म्हटलं, ही आणखी एक.

रंजीता गडचांदूरची. वडील सिमेंट कारखान्यात कामाला. घर चर्चला जाणारं. ती धुराला पळाली नाही. बोटं भाजली, तरी राहिली. मुलांच्या डोक्यातल्या उवा काढायची, रात्री ओली केलेली अंथरुणं सकाळी धुवायची, सगळ्यांचं झाल्यावर माझ्या तळाची खरवड खाऊन उठायची. मुलांसमोर मोठ्यानं प्रार्थना म्हणायची. पण सकाळी तांदूळ धुताना, कोणी नसताना, हळूच विचारायची, “प्रभू, तू हायेस नं?”

मला ते खटकायचं. जिला स्वतःलाच खात्री नाही, ती लेकरांना काय देणार?

पुढे कळलं. तिची आई आजारी असताना अख्ख्या चर्चनं प्रार्थना केली होती. आई तरी गेली. पाळक म्हणाले, “लेकरांची सेवा कर, देवाचं प्रेम अनुभवशील.” म्हणून ती आली होती आणि एसटीची वाट पाहावी तशी त्या प्रेमाची वाट पाहत होती.

बालगृहात रिंकू नावाची एक मुलगी होती. आई नाही, बाप मिरचीच्या कामाला गेला तो अजून परतलाच नव्हता. जाताना त्यानंच तिला इथं आणून सोडलं होतं. भादव्यात एके दिवशी तिची आजी शकुबाई आली. तळ्यातल्या मासोळीवर पोट भरणारी, काटक म्हातारी. फाटकातल्या मोहाच्या झाडाखाली बसली. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायली.

“तुह्यं नाव काय हाय?” तिनं नातीलाच विचारलं.

“रिंकूच नं, आजी!”

“बदलवलं तं नाई? गावात म्हणतेत, मिशनवाले आधी खाऊ घालतेत, मंग नाव बदलवतेत, मंग पोरगी दूर धाडून देतेत. चाल, कपडे बांध. मी तुले न्यायले आली.”

रिंकू निघालीही असती. पण तेवढ्यात वरच्या जंगलात पडलेल्या पावसाचं पाणी नाल्याला आलं आणि पूल बुडाला. एसटी थांबली. सूरजागडच्या लोहखाणीकडून दिवसभर धडधडत येणारे ट्रकही थांबले. शकुबाईला मुक्काम करावा लागला. ती वऱ्हांड्यात पाठ भिंतीला लावून बसली, रिंकूचा हात हातात घट्ट. माझ्यातला भात मात्र तिनं घेतला नाही.

रंजीता ताट घेऊन गेली. “आजी, दोन घास खाऊन घ्या. प्रभू येशू तुमच्यावर बी प्रेम करते.”

“करते तं करू दे. पण भाताच्या बदल्यात नातीन कायले मांगते?”

“कोण मांगते, आजी?”

“मंग तू काऊन आली इथी? जवान पोरगी, घरदार सोडून दुसऱ्याच्या लेकरायचे भांडे घासून राह्यली. फुकट कोणी काही करते काय?”

वा, शकुबाई! मला तोंड असतं तर मी हेच विचारलं असतं.

रंजीता ताट घेऊन तशीच खाली बसली. मग म्हणाली, “फुकट नाई आली, आजी. माही माय गेली. तवापासून देव माह्याशी बोलतच नाई. म्हन्लं, इथी तरी बोलन.”

“मंग? बोलला?”

“नाई.”

शकुबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. “खोटं तं नाई बोलली,” एवढंच पुटपुटली. जेवली मात्र नाहीच.

सकाळी रंजीतानं मला उचललं आणि तिच्यासमोर नेऊन ठेवलं. “आजी, आमच्या हातचं खात नाई नं? तं मंग तुम्ही रांधा. आम्ही तुमच्या हातचं खातो.”

ज्योत्स्नाबाईंना ते पटलं नाही. “अगं, उद्या गावात म्हणतील, म्हातारीला कामाला जुंपलं.”

“म्हणतेत तं म्हणू द्या,” शकुबाई उठत म्हणाली. “गंज मले पाहू द्या आधी.”

तिनं मला उलटा केला, सुलटा केला. आभाळाकडं धरून भोक आहे का पाहिलं. आत डोकं घालून वास घेतला. मग राखेनं मला आतून असा घासला, की माझं पोट मलाच नवं वाटलं. नाल्याचं पाणी चढल्यानं बांधाबांधांत मासोळी आली होती. शकुबाई मुलांना घेऊन गेली आणि टोपलीभर घेऊन आली. आंबाडीचा पाला टाकून तिनं माझ्यात सार केलं. अंगण त्या वासानं भरून गेलं.

पंगत बसली. नेहमीसारखी प्रार्थना सुरू झाली. शकुबाई हाताची घडी घालून बघत होती, कोणावर जबरदस्ती होते का. रिंकू डोळे उघडे ठेवून सरळ ताटाकडं पाहत होती. तिला कोणी रागावलं नाही. म्हातारीनं ते टिपलं.

मग ती रंजीताकडं वळली. “तू बी बस.”

“मी मागून खाईन, आजी.”

“तुह्यं मागून खाणं मी काल पाह्यलं. खरवड खाते. बस म्हन्लं नं!”

रंजीता मुलांमध्ये बसली. शकुबाईनं तिला वाढलं आणि लहान लेकराला देतात तसे काटे काढून मासोळीचे तुकडे तिच्या भातावर ठेवले. रंजीतानं एक घास खाल्ला आणि तिचे डोळे वाहू लागले.

“तिखट झालं काय वं?”

“नाई.”

“मंग?”

“देव बोलला वाटते, आजी.”

“मी बोलून राह्यली! देव कायचा?”

रंजीता रडता रडता हसली, तशी मुलंही हसली. मी सवयीप्रमाणे यात कुठं खोट आहे का, ते शोधलं. कोणाच्या हातात मोबाइल नव्हता. सगळ्यांचे हात भातात होते.

पाणी उतरलं. पूल मोकळा झाला. रिंकू कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती, कधी आजीकडं, कधी मैत्रिणींकडं पाहत. शकुबाईनं ज्योत्स्नाबाईंना सरळच विचारलं, “पोरीले तुमच्या देवापुढं बसाच लागते काय?”

“सगळी मुलं बसतात, बाई. खोटं कशाला सांगू? पण तिला नको असेल तर नाही बसणार. पोळ्याला, नवरात्रात तुम्ही तिला घरी न्या. नाव रिंकूच राहील.”

म्हातारीनं मनात हिशोब केला. घरी नेलं तर आपण दिवसभर तळ्यावर, पोरगी एकटी, शाळा दूर. शेवटी म्हणाली, “ठेवतो इथी. पण सांगून नाई येणार. कवाबी येईन, पाहून जाईन.”

“याच, आजी,” रंजीता म्हणाली. “पाह्यलंच पायजे.”

तेव्हापासून शकुबाई कधीही येऊन उभी राहते. रिंकूला नाव विचारते, मग माझ्यात डोकावते. तिचा संशय गेलेला नाही, माझाही पुरता गेला नाही. रंजीता नाताळाला घरी गेली. मला वाटलं, सुटली. पण ती परत आली. आता तांदूळ धुताना ती विचारत नाही, गुणगुणते. आणि मुलांसोबतच जेवायला बसते. देव मला कळत नाही, मी भांडं. पण शकुबाईनं वाढलेल्या त्या घासानंतर ही पोरगी आतून भरत गेली, एवढं मी पाहिलं आहे.

आता माझा तळ पातळ झालाय. ज्योत्स्नाबाई नव्या गंजाचं बोलतात. मी भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. जाण्याआधी एवढंच मागतो. सेवा करायला येणाऱ्यांनो, जरूर या. आलात की पंगतीतही बसा आणि कोणी वाढलं तर नको म्हणू नका. आणि फाटकात एखादी म्हातारी संशयानं बघत उभी असेल, तर तिच्यावर रागावू नका. तिला आत बोलवा आणि झाकण काढून दाखवा.