अबोल पेशंट

साहेब रिटायर झाले आणि घरादारावर संकट कोसळलं. वीज कंपनीच्या तक्रार विभागाचे ते प्रमुख होते. उभ्या हयातीत त्यांनी एकाही तक्रारीला हात लावला नव्हता, सगळ्या खाली ढकलल्या होत्या. आता ढकलायला खाली कोणी उरलं नाही. मग त्यांनी घर हाती घेतलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे साखर कुठे आणि मीठ कुठे हे कोणालाच सापडेना. सून नळ किती वेळ सोडते यावर त्यांचं लक्ष असे. बायकोच्या नाकी नऊ आले. एके दिवशी ती लाडीगोडीने म्हणाली की, अहो, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची समाजाला केवढी गरज आहे. समाज म्हणजे घराच्या उंबऱ्याबाहेरचं कोणीही, एवढाच तिचा अर्थ होता. साहेबांचा मात्र ऊर भरून आला.

अशा रीतीने ते हॉस्पिटलच्या सेवा मंडळात दाखल झाले. हे मंडळ मोठ्या ताई चालवत. ताईंचा आवाज मऊ होता आणि त्या आवाजात त्या कोणालाही खोलीबाहेर काढू शकत. सेवेतच खरा आनंद आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि साहेबांच्या छातीवर निळा बिल्ला लावला. मंडळात माणसं फार आणि पेशंट कमी. सकाळी वॉर्डात एकेका खाटेवर तिघेतिघे तुटून पडत. कोणाची उशी दिवसातून इतक्यांदा झटकली जाई की बिचाऱ्याचं डोकं उशीवर टेकतच नसे. एका आजीबाईंना सगळ्यांनी आपापल्या परीने पाणी पाजलं, आणि त्या दिवसभर बाथरूमच्या वाटेवर राहिल्या.

काम झालं की सगळे मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसत. चहा यायचा आणि प्रत्येकाने आजचा आपला आनंद सांगायचा, असा मंडळाचा शिरस्ता होता. कोणाचा हात पेशंटने घट्ट धरलेला असे, कोणाला डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मिळालेला असे. ज्याच्या आनंदाने जास्त डोळे ओलावत, त्याच्याकडे बिस्किटांची बशी दोनदा फिरे. साहेबांकडे ती एकदाही नीट थांबली नाही, कारण त्यांना आनंदच होत नव्हता. ते पाण्याचा जग घेऊन फिरत, पाय दुखत, पेशंट "ठेवा तिथं" म्हणत, आणि झालं. रजिस्टर केलेलं पार्सल कुठे अडकावं तसा त्यांचा आनंद कुठेतरी अडकला होता. त्यांची पाळी आली की ते "एकंदरीत बरं वाटलं" असं पुटपुटत, आणि ताई त्यांच्याकडे अशा कणवेने बघत की मेल्याहून मेल्यासारखं होई.

एकदा हे असह्य झालं आणि साहेब खोटं बोलले. त्यांनी सांगितलं, कोपऱ्यातल्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर आहे. पायाला वजन बांधून पडलेला, मागेपुढे कोणी नाही. अपघातापासून त्याची वाचाच गेलेली. आज आपण त्याच्याजवळ नुसते बसलो, तर तो आपल्याकडे बघून म्हणाला, "आलात?" बस, एवढा एकच शब्द.

खोलीत कोणी चहाचा घोट घेईना. मग कोणीतरी नाक ओढलं. ताईंनी चष्मा काढून पुसला. बिस्किटांची बशी साहेबांसमोर आली ती तिथेच राहिली. आणि ताई म्हणाल्या की उद्या सगळे मिळून त्या अबोल पेशंटला भेटू या. साहेबांनी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

खरी गोष्ट अशी होती की ड्रायव्हरची वाचा ठणठणीत होती. एवढी, की तो रागावला तर दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सा खिडकीतून डोकावत. पण रात्रभर ओरडून तो सकाळी मंडळाच्या वेळी घोरत पडलेला असे, म्हणून मंडळातल्या बाकी कोणाला याचा पत्ता नव्हता. साहेबांना तो आदल्याच आठवड्यात म्हणाला होता, "पाणी द्यायचंय तर द्या, पण तोंड असं करू नका, मी मेलेलो नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सगळ्यांच्या आधी त्याच्या खाटेशी गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोणापुढे तक्रारदार होऊन हात जोडले. ड्रायव्हर इतका हसला की पायाचं वजन हलायला लागलं. मग त्याने अटी घातल्या. मंडळाची माणसं असतील तोवर तो तोंडात मूग धरून बसेल. बदल्यात साहेबांनी रोज त्याची दाढी करायची, पाठ पुसायची, नखं काढायची आणि वेळेवर शौचाचं भांडं द्यायचं, म्हणजे वॉर्डबॉयच्या नावाने घसा कोरडा करायला नको. आणि उपदेश करायचा नाही.

साहेबांनी घरी कधी चहाचा कपही उचलून मोरीत ठेवला नव्हता. पण अब्रूचा प्रश्न होता. पहिल्या दाढीत त्यांनी ड्रायव्हरच्या गालाची चाळण केली. भांडं द्यायच्या वेळी त्यांनी श्वास रोखला, आणि ड्रायव्हरने त्यांना सांगितलं की साहेब, हा वास तुमच्यातही आहे, फक्त इस्त्रीच्या कपड्यात आहे. शिव्या तर तो मुक्तहस्ते देई. ताई आल्या की मात्र तो छताकडे डोळे लावून मुनीसारखा पडे. त्याच्याकडून दुसरा शब्द काढायचा, म्हणून मंडळात चुरस लागली. एकजण त्याला गाणी म्हणून दाखवी, एकजण तळवे चोळी, आणि एक निवृत्त प्राध्यापक त्याला अक्षरं शिकवायला तक्ता घेऊन आले. ड्रायव्हर सगळं सहन करी. फक्त साहेब चादर खोचायला वाकले की ओठ न हलवता त्यांच्या कानात एखादी सणसणीत शिवी सोडी. आख्ख्या वॉर्डाला हे नाटक ठाऊक होतं. शेजारच्या खाटेवरचा रंगारी तर तोंडावर पांघरूण घेऊन हसे.

मग काय झालं ते साहेबांच्याही लक्षात आलं नाही. गाल कापेनासे झाले. पाठीवर लाल चट्टा उठला होता, तो साहेबांनी रोज पुसून, पावडर लावून, कूस बदलून वाळवला. ज्या दिवशी त्याच्यावर खपली धरली त्या दिवशी ते घरी जाऊन बायकोला जेवताना त्या खपलीबद्दलच सांगत बसले. बायकोने घास खाली ठेवला आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. डबे कोणीतरी पुन्हा पूर्वीसारखे लावले होते, तेही या माणसाला दिसलं नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या त्यांना आज ब्लेड बदलायचं आहे हे आठवे आणि अंगात हुशारी येई. यालाच आनंद म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ते खोडून काढलं असतं. आनंद म्हणजे गोल बसून सांगतात तो, अशीच त्यांची समजूत होती.

मंडळाच्या वर्धापनदिनी ताईंनी साहेबांचा सत्कार ठेवला, आणि तोही खाटेशेजारीच. मोठे डॉक्टर आले, फोटोग्राफर आला, साहेबांची बायको नवी साडी नेसून आली. वॉर्डात त्या दिवशी बदलीची नर्स होती. तिने ड्रायव्हरला काही विचारलं तर त्याने उत्तर दिलं नाही, तेव्हा ताईंनी तिला समजावलं की तो अबोल आहे, आमच्या सेवेने एकच शब्द बोलला आहे. नर्सने मान हलवली आणि ती पुढे गेली.

साहेब दाढीचं सामान घेऊन आले तेव्हा खाटेभोवती गर्दी होती. त्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला गेला. फोटोसाठी त्यांनी पेशंटची चादर सारखी करावी, असं फोटोग्राफरने सुचवलं. साहेब वाकले आणि कान पुढे करून थांबले.

शिवी आली नाही.

त्यांना वाटलं, आज पाहुणे आहेत म्हणून गडी सांभाळून आहे. त्यांनी हळूच त्याचा हात दाबला. हात ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. ओठांचा एक कोपरा खाली ओघळला होता, आणि त्यातून चहाची रेघ मानेवर उतरली होती. डोळे मात्र साहेबांवर होते आणि ते डोळे विनवत होते. शेजारी रंगारी पांघरुणात खुसखुसत होता. त्याला नाटक फारच रंगलेलं वाटत होतं.

साहेब म्हणाले की याला बरं नाहीये. ताई म्हणाल्या, त्याला भरून आलंय. मोठे डॉक्टर दोन पावलं पुढे आले, त्यांनी तोंडाकडे पाहिलं आणि बोलणं कधीपासून गेलं असं विचारलं. ताईंनी तत्परतेने सांगितलं की सुरुवातीपासून, अपघातापासून तो असाच आहे. नर्सनेही तेच सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, कारण सत्कार अजून व्हायचा होता.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. नव्या साडीत ती इतक्या वर्षांनी नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. ताईंच्या हातात मानचिन्ह होतं. गप्प बसलं तर ते मिळणार होतं. आयुष्यभर ते ज्या युक्तीवर जगले ती युक्ती, म्हणजे प्रकरण दुसऱ्याकडे ढकलायचं, ती आताही हाताशी होती. ढकलायला डॉक्टर समोर उभेच होते.

"हा मुका नाही," साहेब म्हणाले. "मी खोटं बोललो. हा रोज बोलतो. रोज मला आईबापावरून शिव्या देतो. काल संध्याकाळी दिल्या. आत्ता तो बोलत नाहीये डॉक्टर, आणि याचा हात गेलाय."

रंगाऱ्याने पांघरूण फेकलं आणि तो उठून बसला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने सांगितलं की सकाळच्या चहापर्यंत तो चांगला बोलत होता, दाढीवाला अजून कसा आला नाही म्हणून ओरडत होता. मग गप्प झाला, तर आम्हाला वाटलं मंडळ आलं असेल.

डॉक्टरांनी पुढचं ऐकलंच नाही. वजन सोडवलं गेलं, खाट ढकलली गेली, फोटोग्राफर भिंतीला चिकटला. साहेब पुष्पगुच्छ धरून उभे होते. ताईंनी मऊ आवाजात त्यांच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला. साहेबांना वर बघवेना. तेवढ्यात बायकोने त्यांच्या हातातला पुष्पगुच्छ ओढून घेतला.

"इथं काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "जा त्याच्यामागं."

त्या दिवशी मागच्या खोलीत नेहमीप्रमाणे चहा झाला. मंडळ वेळेवर खाटेभोवती जमलं होतं म्हणूनच एका जिवाचं प्राणसंकट टळलं, हा आजचा सगळ्यांचा मिळून आनंद आहे, असं ताईंनी सांगितलं. डोळे भरपूर ओलावले. एक खुर्ची आधीच उचलून भिंतीला लावली होती.

ड्रायव्हर वाचला. डॉक्टर म्हणाले की लवकर कळलं म्हणून वाचला, बोलणं परत येईल की नाही ते मात्र सांगता येत नाही. त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हलवलं होतं आणि तिथे जवळच्या माणसाशिवाय कोणाला सोडत नव्हते. साहेबांना त्या शिव्यांवाचून सकाळ सुनी वाटत होती. ते रोज जिन्यापर्यंत जात आणि परत येत.

मग एका सकाळी ते जिना चढले. दारात तीच बदलीची नर्स बसली होती. नातेवाईक का, असं तिने विचारलं. साहेब नाही म्हणाले. मंडळातले का, तर होतो, पण काढून टाकलं. नर्सने पेन खाली ठेवलं.

"मग तुम्ही त्यांचे कोण?"

साहेबांनी खिशातून ब्रश आणि रेझर काढून टेबलावर ठेवले.

"मी त्याची दाढी करतो," ते म्हणाले.

नर्सने मागे वळून खोलीत पाहिलं. खाटेवरच्या माणसाचे गाल पांढऱ्या खुंटांनी भरले होते आणि तो दाराकडेच बघत होता. तिने खुर्ची बाजूला सरकवून वाट दिली आणि गरम पाणी डावीकडच्या नळाला येतं असं सांगितलं.