मोडक्का

हर्षितानं मोडक्का काढली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी अठ्ठावीस. हर्षिता म्हणजे माझ्या दादाची, संकर्षणची थोरली मुलगी. तिच्या पाठचा विजयेंद्र सात वर्षांचा. आई गेल्यापासून कलबुर्गीच्या घरात आम्ही सहाजण: अप्पा, दादा, हेमावतीवहिनी, ही दोन मुलं आणि मी. मी एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढते. रद्द झालेल्या नकाशांचे मोठे कागद मी घरी आणायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर रविवारी दुपारी आम्ही तिघं सुपरहिरो काढायचो.

नियम दोनच होते. टीव्हीवरचा हिरो चालणार नाही. आणि प्रत्येक हिरोला एखादी तरी गोष्ट जमता कामा नये. विजयेंद्रचा करंटअण्णा वीज पिऊन साठवायचा आणि लाइट गेली की गल्लीभर वाटायचा, पण बिचाऱ्याला आंघोळ करता यायची नाही. माझी कंडक्टरबाई एका शिट्टीत बस उडवायची, पण बस खाली कशी आणायची ते तिला ठाऊक नव्हतं.

हर्षिताला आठव्या वर्षी कोड सुरू झालं. आधी डाव्या डोळ्याखाली बोटाएवढा पांढरा डाग, मग कोपरं, मग हाताची बोटं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही आणि यानं जिवाला काही होत नाही. तरी अप्पांच्या सांगण्यावरून ती भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. कलबुर्गीचा मे म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच माहीत.

त्या रविवारी तिनं एक बाई काढली. तपकिरी खडूनं सगळं अंग रंगवलं, पण चेहऱ्यावर, हातांवर मध्येमध्ये कागद तसाच पांढरा सोडला. विजयेंद्र म्हणाला, रंगवायचं राहिलं. ती म्हणाली, "राहिलं न्हाई. तिथं ढग हाय."

कन्नडमध्ये ढगाला मोड म्हणतात, म्हणून ती मोडक्का. ऊन फार झालं की तिच्या अंगावरचे ढग सुटून वर जायचे आणि खाली सावली पडायची. गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, तुरीच्या पोत्यांखाली वाकलेल्या हमालांवर, स्टँडबाहेर उभ्या असलेल्या बायकांवर, जिथं हवी तिथं. तिला काय जमत नाही, असं मी विचारलं. खूप विचार करून ती म्हणाली, तिला स्वतःवर सावली धरता येत नाही.

मला ते इतकं आवडलं की मी चित्र चिकटपट्टीनं हॉलच्या भिंतीवर लावलं. मग करंटअण्णा लागला, कंडक्टरबाई लागली. जून उजाडेपर्यंत भिंतीवर अठरा चित्रं झाली, त्यातली नऊ मोडक्काची.

त्याच सुमाराला मला बिदरचं स्थळ आलं. मुलाचं नाव गुरुराज, पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. याआधी तीन ठिकाणांहून नकार आले होते. गुरुराज फोनवर दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्या कामाविषयी नीट विचारलं. मला तो आवडला होता. हे मी आधीच सांगते, कारण पुढं मी जे केलं त्याचं ते एक कारण आहे.

त्या लोकांचं येणं रविवारी ठरलं. शुक्रवारी अप्पांनी वहिनीला सांगितलं की रविवारी मुलांना घेऊन गाणगापूरला दर्शनाला जाऊन ये, पहाटेची बस धर. शनिवारी मी ऑफिसातून आले तर भिंत मोकळी होती. चिकटपट्टीबरोबर चुन्याचे पोपडे निघाले होते. चित्रं घडी घालून वर्तमानपत्रांच्या रद्दीत ठेवलेली. मी अप्पांना विचारलं, कामून काढली.

अप्पा म्हणजे नरहरराव, तहसील कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. आवाज चढवायची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, "पाहुणे यायलेत. भिंतीवर तसलं चित्र बघून कुणीतरी विचारंल. घरात एकाला हाय म्हटलं की सगळ्या घराकडं तसं बघतात."

मला सगळं कळलं. गाणगापूर कशासाठी, तेही कळलं. मी रद्दीतून चित्रं काढली, माझ्या कपाटात ठेवली आणि गप्प राहिले. मनात म्हटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

रविवारी पाहुणे आले. गुरुराज, त्याची आई आणि मामा. त्याच्या आई नलिनीबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. माझं शिक्षण विचारलं, पगार विचारला, स्वयंपाक विचारला. दादाची मुलं कुठं आहेत म्हणून विचारलं, तर अप्पांनी देवदर्शनाला गेल्याचं सांगितलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते तेव्हा त्यांनी अप्पांना विचारलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण विचारलेलं बरं. घरात कुणाला कोड वगैरे?"

अप्पा म्हणाले, "न्हाई. दत्ताची कृपा हाय."

दादा जमिनीकडे बघत होता. तो हर्षिताचा बाप. मी त्याच्याकडे बघितलं, मग अप्पांकडे, मग ट्रेमधल्या पोह्यांच्या बशीकडे. बशी नलिनीबाईंच्या हातात दिली. त्यांनी जाता जाता होकार कळवला.

मुलं संध्याकाळी परत आली. विजयेंद्र भिंत बघून ओरडायला लागला, माझा करंटअण्णा कुठाय म्हणून. हर्षितानं भिंतीकडे एकदा बघितलं आणि चपला काढून आत गेली. नंतर वहिनीनं मला सांगितलं की बसमध्ये हर्षितानं तिला सरळ विचारलं होतं, "माझ्यामुळं आपण चाललोय ना?" आणि वहिनीला खोटं बोलता आलं नाही.

पुढच्या रविवारी मी कपाटातली सगळी चित्रं काढून टेबलावर ठेवली, कोरे कागद पसरले आणि मुलांना हाक मारली. मला वाटलं, चित्रं सांभाळून ठेवलेली बघून ती खूश होईल. तिनं त्यांना हात लावला नाही. कोरा कागद घेतला आणि मान खाली घालून काढत राहिली. तासाभरानं कागद माझ्याकडे सरकवला.

चित्रात नेसून सजलेली एक बाई होती. काठापदराची साडी, केसांत गजरा, दोन्ही हातांत ट्रे. डोळे कपाळापर्यंत मोठे. आणि नाकाखाली काहीच नाही, नुसती कातडी.

मी विचारलं, "ही कोण?"

"व्हिलन."

"नाव काय हिचं?"

"आत्या."

विजयेंद्र हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. हर्षिता म्हणाली, "हिला सगळं दिसतंय. फक्त तोंड न्हाई."

मला राग आला. खरं सांगते, आधी तिचाच आला. दर रविवारी हिच्याबरोबर कोण बसतं, ही चित्रं रद्दीतून कुणी काढली, भिंतीवर कुणी लावली होती? हे सगळं मी तिला ऐकवलं. आवाज चढला होता माझा. शेवटी म्हटलं, "मी काय केलं तुला?"

ती म्हणाली, "काय न्हाई केलं. तेच."

मी तिच्या हातातला खडू हिसकावून घेतला आणि भिंतीवर फेकला. अकरा वर्षांच्या मुलीसमोर. ती घाबरली नाही. तिच्या डोळ्याखालचा पांढरा भाग लाल झाला होता एवढंच. तिनं भावाचा हात धरला आणि दोघं उठून गेली.

मी तिथंच बसून राहिले. चित्रातली साडी मी पाहुणे आले त्या रविवारी नेसले होते तीच होती, काठसुद्धा बरोबर काढला होता तिनं. ती घरात नव्हती त्या वेळी. नंतर दादाच्या मोबाईलमधले फोटो बघून काढलं असणार. म्हणजे माझे हसरे फोटो ती आठवडाभर बघत होती. मग मात्र माझा राग जिथं जायला हवा तिथं गेला.

अप्पा ओसरीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, तुम्ही तिला घरातून बाहेर काढलंत, आणि मी काढू दिलं. ते म्हणाले, तिला दर्शनाला पाठवलं, त्यात काय वाईट झालं. मी म्हटलं, तुम्ही दत्ताचं नाव घेऊन खोटं बोललात. त्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हर्षिताचं पुढं अवघडच हाय. ते मी धरूनच चाललोय. निदान तुझं तरी होऊ दे."

एका अकरा वर्षांच्या मुलीचा त्यांनी हिशेब मिटवून टाकला होता. तिच्या गणितातल्या मार्कांची त्यांनीच शेजारीपाजारी कौतुकं सांगितली होती, तिला सायकल त्यांनीच शिकवली होती, आणि तरी आतून तिला बाद करून ते मोकळे झाले होते. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. आणि दारात दादा हे सगळं ऐकत उभा होता.

संध्याकाळी मी गुरुराजला फोन केला. सगळं सांगितलं: हर्षिता, कोड, गाणगापूर, अप्पांचं उत्तर आणि माझं गप्प बसणं. तो म्हणाला, त्याला स्वतःला यात काहीच वाटत नाही, हा रोग लागत नाही हे त्याला माहीत आहे. मी आभार मानणार तेवढ्यात तो म्हणाला, "फक्त आईला लग्न होईपर्यंत कळू देऊ नका. आणि लग्नात काय, आजकाल मेकअपनं काही दिसत न्हाई. फोटोच्या वेळी तिला जरा मागं उभं केलं की झालं."

तो वाईट माणूस नव्हता. हे सगळं तो समजावणीच्या सुरात बोलत होता, मला मदत करायलोय असं समजून. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अप्पांना निदान भीती तरी होती. याला सगळं माहीत होतं, आणि तरी याचं उत्तर तेच: पोरीला मागं उभं करा.

मी म्हटलं, फोन तुमच्या आईंना द्या. त्यानं कशाला म्हणून विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. नलिनीबाई फोनवर आल्या. मी त्यांना सांगितलं की तुम्ही प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर खोटं मिळालं, आणि ते खोटं आहे हे माहीत असून मी तुमच्या हातात बशी दिली. त्या चिडल्या. अगदी बरोबर चिडल्या. म्हणाल्या, मी सरळ विचारलं होतं, सरळ उत्तर द्यायला काय झालं होतं. मग लग्न होणार नाही असं त्या म्हणायच्या आत मीच म्हटलं की मला हे लग्न करायचं नाही, आणि कारण तुमच्या मुलाला विचारा.

घरात जे व्हायचं ते झालं. अप्पा जेवले नाहीत. दादानं मला विचारलं की एवढी घाई काय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या पोरीपायी चांगलं स्थळ गेलं."

हर्षिता शाळेचं दप्तर पाठीला लावून दारातच होती. तिनं ऐकलं. ती माझ्याकडे वळली. माझे उपकार मानण्याचा प्रश्नच नव्हता. ती माझ्यावर आणखीनच चिडली होती. म्हणाली, "बघ. आता सगळे हेच म्हणतील."

ते खरं होतं. माझं लग्न मी मोडलं, पण त्याचं ओझं तिच्या दप्तरावर जाऊन पडलं होतं. मी हातातला कप खाली ठेवला. अप्पांना म्हटलं, आणि दादाला, वहिनीला ऐकू जाईल असं म्हटलं, "तिच्यापायी न्हाई. तुम्ही खोटं बोललात, मी गप्प बसले आणि त्या माणसाला ते झाकून ठेवायचं होतं, त्यापायी गेलं. हे मी नातेवाइकांत, गल्लीत, जो विचारंल त्याला सांगणार हाय. पुन्हा तिचं नाव घेतलंत तर तुमच्यासमोर सांगीन."

अप्पा उठून आत गेले. मग जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. हेमावतीवहिनी, लग्न होऊन बारा वर्षांत अप्पांसमोर जिनं शब्द काढला नव्हता, ती स्वयंपाकघरातून आली आणि दादाला म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही काय करायला होता? तुमची पोरगी हाय ना ती?" वहिनीनं उत्तराची वाट पाहिली नाही. हर्षिताला म्हणाली, चल, आज मी सोडते शाळेला, आणि दोघी निघून गेल्या. त्या दिवशी दादा ऑफिसला न जाता घरीच बसून राहिला.

मी म्हटल्याप्रमाणे सांगितलं. बिदरच्या मावशीला, समोरच्या चंद्रम्मांना, लग्न का मोडलं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला. काहींनी मान हलवली, काहींनी मला मूर्ख ठरवलं. चंद्रम्मा म्हणाल्या, एवढं खरं बोलून काय मिळवलंस. पण पुढच्या वेळी त्यांनी हर्षिताला नजर न चुकवता हाक मारली, हे मी बघितलं. अप्पा माझ्याशी कामापुरतं बोलतात. माझाही त्यांच्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाई नाही.

हर्षिता पाच रविवार आली नाही. विजयेंद्र एकटा यायचा, करंटअण्णाला भाऊ-बहिणी काढायचा आणि मध्येच आतल्या खोलीकडे बघायचा. मी तिला बोलवायला गेले नाही. सहाव्या रविवारी ती आपणहून आली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि भावाच्या डब्यातून खडू काढायला लागली.

मी विचारलं, "मी बसू का इथं?"

"बस," ती म्हणाली. "पण माझ्या कागदाला हात लावू नको."

मी बसले आणि माझा कागद माझ्यापुढं ओढून घेतला.