घरातल्या एकीची हरकत

टेलरबाईंना सगळे टेलरबाईच म्हणायचे. ध्यानाला बसायच्या गोल गाद्या शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खाली बौद्ध संघाचं गाद्यांचं दुकान, त्यावर ध्यानाचा हॉल आणि त्याच्याही वर तीन बायकांचं घर. एका खोलीत टेलरबाई आणि नर्स, दुसऱ्या खोलीत हेडबाई. पस्तीस वर्षं शाळा चालवून रिटायर झालेल्या हेडबाईंसमोर आजही कुणी पाय पसरून बसत नसे.

नर्सची आणि हेडबाईंची दीक्षा कधीच झाली होती, राहिल्या होत्या त्या टेलरबाई. या संघाच्या दीक्षेत डोकं भादरायचं नसतं की कामधंदा सोडायचा नसतो, पण एक अट मोठी अवघड. जिच्यासोबत तुम्ही राहता, तिचा होकार लागतो. डोळे मिटल्यावर कुणीही शांत दिसतं, खरं माणूस कळतं ते सकाळी बाथरूमच्या रांगेत, असं दीक्षा देणाऱ्या थोरल्या ताईंचं मत.

गेल्या वर्षी थोरल्या ताई म्हणाल्या होत्या, "घरातल्या एकीला अजून खात्री वाटत नाही. कोण ते मी सांगणार नाही. ती स्वतःच तुझ्याशी बोलेल."

अकरा महिने झाले, कुणी बोललं नाही. घरात उरल्या दोघी. त्यात नर्स जिवाभावाची, ताप आला तर उशाशी बसून राहणारी. मग नकार कुणाचा? टेलरबाईंना हे गणित सोडवायला पाटी-पेन्सिल लागली नाही.

पण त्या भांडल्या नाहीत हो! उलट ठरवलं, म्हातारीला नाव ठेवायला जागाच द्यायची नाही. सकाळी हेडबाईंचं आंघोळीचं पाणी तापवून ठेवायचं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून बाजार आपणच आणायचा. कपड्यांना इस्त्री अशी, की घडीनं बोट कापावं. दोन गाऊन शिवून दिले, तेही न मागता. आणि प्रत्येक टाक्याला मनात म्हणायचं, घे, आता बघते कसा नकार देतेस! ध्यानात 'सर्व प्राणी सुखी होवोत' म्हणताना एक प्राणी तेवढा हळूच बाजूला काढून ठेवायचा.

मग आला हेडबाईंचा वाढदिवस. या घरात जिचा वाढदिवस तिला मधोमध बसवतात आणि बाकीच्या एकेक करून तिचे गुण सांगतात. तिनं नुसतं ऐकायचं. नर्सनं छान सांगितलं. बाई वेळेच्या पक्क्या, बाई कुणाच्या माघारी बोलत नाहीत, वगैरे. मग टेलरबाईंची पाळी आली. त्यांनी दोन दिवस खपून चार गोड वाक्यं जुळवून ठेवली होती.

"बाई, तुम्ही..." त्या म्हणाल्या आणि गाडी तिथेच अडली.

"तुमच्याबद्दल माझ्या मनात काहीही चांगलं नाही," त्या एकदम बोलून गेल्या. "अकरा महिने झाले. नकार दिलात तर दिलात, पण तोंडावर सांगायचं होतंत! मी तुमचं पाणी तापवते ना, ते दातओठ खाऊन तापवते!"

हेडबाईंनी चष्मा काढला.

"मी नकार दिला? अगं, मी पहिल्याच दिवशी होकार कळवलाय. लेखी."

टेलरबाईंनी नर्सकडे पाहिलं. नर्स सतरंजीचे धागे ओढत होती.

"ती मी होते," नर्स म्हणाली. "रोज ठरवायचे, आज सांगायचं. पण जीभच उचलायची नाही. अगं, तीन वर्षं एका खोलीत राहतोय आपण, पण तुला रागावलेली कधी पाहिली नाही. कुणी काही बोललं की हसतेस आणि इस्त्री काढून बसतेस. आत काय शिजतंय ते कळायचंच नाही. भीती वाटायची मला." तिनं नाक पुसलं. "आज नाही वाटत. आत्ताच ताईंना फोन करते."

ज्या होकारासाठी वर्षभर जीव टांगणीला लागला होता, तो असा पदरात पडला. पण टेलरबाईंना आनंद करायला सवड मिळाली नाही. हेडबाई बोलत होत्या आणि तो आवाज शाळेतला नव्हता.

"मला वाटायचं, कुणीतरी माझ्यावर माया करतंय," त्या म्हणाल्या. "शाळेत सगळे भ्यायचेच मला. तो निळा गाऊन मी बहिणीला दाखवला. म्हटलं, बघ, मैत्रिणीनं शिवलाय."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं टेलरबाईंना झालं. "फोन करू नकोस गं," त्या नर्सला म्हणाल्या. "तुझंच बरोबर होतं. ज्यांनी माझी बाजू घेतली त्यांनाच मी वर्षभर शिव्या घातल्या." आणि त्यांना रडू फुटलं.

"गप्प बस!" आता मात्र त्या पुन्हा हेडबाई झाल्या. "लेखी दिलेला होकार मी मागे घेणार नाही. तू फोन कर गं. आणि टेलरबाई, तुझी पाळी संपलेली नाही. एक तरी गुण सांग. वाढदिवस आहे माझा."

टेलरबाईंनी डोळे पुसले. "मी वाईट मनानं दिलेलं सगळं," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनानं घेतलंत."

हेडबाईंनी टेलरबाईंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"आता मैत्री करायची तर पहिल्यापासून करू," त्या म्हणाल्या. "तुझं मला काय काय खटकतं, सांगू?"

"सांगा की."

हेडबाईंनी पाढा वाचायला घेतला, तो जेवणाची वेळ झाली तरी संपेना. मधे दोनदा टेलरबाईंनी उलट उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तर हेडबाईंच्या वर आवाज चढवला, आणि तो चढवताना त्यांना जे बरं वाटलं ते कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

नर्स दाराशी फोन कानाला लावून उभी होती. "हो ताई, त्याच दोघी," ती सांगत होती. "भांडतायत. अगदी मनापासून. तुम्ही दीक्षेची तारीख काढा."